सुईदोरा : सात फूट लांब, पन्नास इंच रुंद

मागच्या अंकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या (१८६१ ते १८६५, उत्तरेकडची राज्यं विरुद्ध दक्षिणेकडची) वेळी तिकडच्या बायकांनी जखमी सैनिकांसाठी शिवून पाठवलेल्या गोधड्यांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, आणि म्हटलं होतं की तशी एखादी आपणही करून बघायला हरकत नाही. त्यावर एवढे प्रश्न आलेत की या वेळी बाकी सगळं, ते ब्लाउजच्या गळ्याचं आणि फॉल-पिकोचं, बाजूला ठेवलंय. 'ऑर्डर घेता का' विचारणाऱ्या सगळ्यांना एकदाच सांगते, नाही घेत.

प्रश्न : ताई, आम्ही पार्ल्यातल्या सात जणी मिळून तशीच हुबेहूब एक गोधडी करायची म्हणतोय. पण फोटो बघितले तर काहींवर इतकी फुलं-पानं-वेलबुट्टी आहे की डोकं गरगरलं, आणि काही अगदीच साध्या चौकटींच्या. नक्की कुठली खरी? साइज काय घ्यायची? आणि एकीकडेही मोठी फ्रेम मांडायला जागा नाही, मशीनवर शिवलं तर चालेल की ती चीटिंग होईल?

फोटोतल्या दोन्ही खऱ्याच आहेत हो, पण दोघींचं काम वेगळं. फुलापानांच्या बऱ्याचशा विकायला केलेल्या असायच्या. दक्षिणेत, अलाबामात, १८६२ मध्ये अशा देखण्या गोधड्या लिलावात काढून युद्धनौकेसाठी पैसे जमवले, गनबोट क्विल्ट म्हणतात त्यांना, आणि त्या कुठल्या शिपायाच्या अंगावर पडल्याच नाहीत. तुम्हाला हवीय ती साध्या चौकटींची, हॉस्पिटलच्या खाटेवरची. उत्तरेकडे १८६१ मध्ये युनायटेड स्टेट्स सॅनिटरी कमिशन म्हणून संस्था उभी राहिली, गावोगावच्या बायकांच्या मंडळांकडून शर्ट, मोजे, बँडेज, चादरी, गोधड्या असं सगळं गोळा करायचं आणि हॉस्पिटलांना, छावण्यांना पोचवायचं हे तिचं काम. त्यांनी बायकांना सांगितलेलं माप साधारण सात फूट लांब, पन्नास इंच रुंद, आणि कापड स्वस्तातलं. आपली साधी लोखंडी कॉट तीन बाय सहा असते, तिच्यावर हे टाकलं तर दोन्ही बाजूंना सात-सात इंच खाली येतं, म्हणजे एका माणसापुरतं, बरोब्बर. या अशा गोधड्या अडीच लाखांच्या आसपास गेल्या असाव्यात असा अंदाज नेहमी दिला जातो आणि आज त्यातल्या फारच थोड्या शिल्लक आहेत, कारण त्या वापरून वापरून विरल्या, हॉस्पिटलातच राहिल्या, काही तर मेलेल्या शिपायाबरोबर पुरल्या गेल्या. त्यामुळे माझं ऐकाल तर माप आणि पद्धत हुबेहूब धरा, नक्षीच्या नादी लागू नका.

आता जागेचं. तुमच्यासारख्यांसाठी एक फार सोयीची पद्धत तेव्हाच होती, अमेरिकेच्या ईशान्येला न्यू इंग्लंडमध्ये आणि त्यातही मेन राज्यात जास्त, तिला पॉटहोल्डर पद्धत म्हणतात. आधी अख्खा पसारा जोडून मग त्याला धावदोरा घालायचा हे नाहीच. प्रत्येकीने आपापला चौकोन वरचं कापड, मधला थर, अस्तर सगळं लावून, धावदोरा घालून, चारी कडांना पट्टी मारून पूर्ण करून आणायचा आणि शेवटी हे तयार चौकोन काठाला काठ धरून वरून बारीक टाके मारत जोडायचे. फ्रेम नको, हॉल नको. विरार लोकलमध्ये बायका भाजी निवडतात तर हे का नाही होणार, फक्त अंधेरी यायच्या आत सुई डबीत टाका.

हिशोब असा करा. बारा इंचाचा चौकोन, आडवे चार, उभे सात, म्हणजे अठ्ठावीस, आणि तुम्ही सात जणी, प्रत्येकीला चार. रुंदीत दोन इंच कमी पडतात, पडू देत. एका चौकोनात नऊ तुकडे, साडेचार इंचाचे कापायचे, चारी बाजूंनी पाव-पाव इंच शिलाईत जाऊन चार उरतात. चार कोपरे आणि मधला फिका, उरलेले चार गडद. चव्वेचाळीस इंच पन्न्यात फिकं सव्वादोन मीटर, गडद सगळं मिळून पावणेदोन (चार-पाच प्रिंट थोडं थोडं घ्या), अस्तराला पावणेचार आणि पट्टीला दीड मीटर पुरतं. अस्तर साडेतेरा इंचाचं कापा, बाराचं कापलंत तर धावदोरा घालताना आत ओढलं जातं आणि मग शेवटी ओढाताण. पट्टी दीड इंच रुंद, पुढून टीप मारून मागे दुमडून हाताने हेमिंग.

मशीन चालेल, अगदी खुशाल. सिंगरचं पेटंट १८५१ चं आहे, युद्धाच्या वेळेपर्यंत कितीतरी घरांत मशीन आली होती. तुकडे जोडायला आणि पट्टीची पहिली टीप मारायला मशीन, धावदोरा आणि शेवटचं जोडकाम हाताने. फक्त सरळ टीप हं, झिगझॅग आणि ते मशीनमधले डिझाइनचे टाके लावलेत तर मात्र सगळं गेलं.

प्रश्न : मावशी, मी गिरगावात राहते, मंगलदास मार्केट जवळच आहे म्हणून गेले तर गल्ल्यागल्ल्यांतून फिरून हात हलवत परत आले, कारण रंग कुठले घ्यायचे तेच कळेना आणि प्रत्येक दुकानदार 'प्युअर कॉटन आहे मॅडम' म्हणतो. शिवाय आत काय घालायचं? कापूस पिंजून आणू का?

रंगांचं सोपं आहे, तुला आपलेच प्रिंट कामाला येतील. त्या काळात तिकडे चालायचे ते मंजिष्ठाचे विटकरी आणि तपकिरी, निळीचा गडद निळा, लालबुंद टर्की रेड, गुलाबीवर गडद गुलाबी बारीक बुट्टी, आणि शर्टाचं पांढरं कापड ज्याच्यावर काळी-तपकिरी रेघ नाहीतर ठिपका. यातलं मंजिष्ठाचं आणि निळीचं काम आपल्याकडे बगरू, दाबू, अजरख या ठशांच्या छपाईत अजून चालू आहे, म्हणून तिथे बघ. पण बारीक बुट्टीच घ्यायची, चार इंचाच्या तुकड्यात कलमकारीचा अख्खा मोर घेतलास तर नुसतं शेपूट येईल. फिक्यासाठी आणि अस्तरासाठी मांजरपाट नाहीतर केंब्रिक. झगझगीत पोपटी, फ्लोरोसंट गुलाबी वगैरे अजिबात नको. जांभळा चालेल थोडा, रसायनातून केलेला पहिला जांभळा १८५६ मध्येच निघाला होता.

प्युअर कॉटनचं दुकानदाराला विचारूच नकोस, दोरा विचार. कापडाच्या कडेचे चार धागे आडवे आणि चार उभे काढून घ्यायचे, दोन्ही, कारण कधी कधी एकच बाजू कॉटन असते, आणि बाहेर येऊन काडेपेटी लावायची. कॉटन भसकन पेटतं, जळक्या कागदासारखा वास येतो आणि चिमटीत धरलं की राख भुरभुर होते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला टणक गोळी राहते जी नखानेही फुटत नाही. गोळी राहिली की कापड कितीही गोड दिसलं तरी सोडायचं. आणि हो, चिमट्यात धरून पेटव, बोटात नको, आणि मार्केटच्या आत तर नकोच नको, तिथे गल्लीभर कापड असतं.

घरी आणलं की कापायच्या आधी धुवायचं, प्रत्येक प्रिंट वेगळा. मांजरपाट चांगलाच आटतो. नीळ आणि लाल यांचं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवत राहा, मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो असं सगळे सांगतात पण त्यावर विसंबू नकोस. धुऊन झालं की पांढऱ्या ओल्या फडक्यावर इस्त्री करून बघ, डाग उठला तर ते कापड या कामाचं नाही.

आता कापूस. यात आपल्या मुंबईची मोठी गंमत आहे म्हणून जरा लांबवते. एप्रिल १८६१ मध्ये युद्ध पेटलं, उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं अडवली, त्यामुळे तिथला कापूस तिथेच अडकला, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या बंद पडायला लागल्या आणि मग इंग्लंडने आपल्याकडचा कापूस मिळेल त्या भावाने उचलायला सुरुवात केली. 'सुरती' म्हणून जायचा तो, आखूड धाग्याचा, तिथल्या कामगारांना अजिबात आवडायचा नाही कारण मागावर सारखा तुटायचा, पण दुसरा होता कुठे? मुंबईत पैशाचा पूर आला. बँका निघाल्या, समुद्र भरून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या, शेअरचे भाव वाट्टेल तसे चढले आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर सगळं धाडकन आपटलं. कापसाचे आणि शेअरचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद त्यातच वर गेले आणि त्यातच खाली आले, फोर्टातला राजाबाई टॉवर त्यांच्या पैशाने आणि त्यांच्या आईच्या नावाने आहे. म्हणजे तिकडच्या बाया खाटेच्या मापाची गोधडी शिवत होत्या तेव्हा इकडे काळबादेवीत त्याच युद्धावर सट्टा चालू होता. तुम्ही प्रदर्शनात ठेवणार असाल तर शेजारच्या कार्डावर हे लिहाच, मुंबईत करतोय तर मुंबई यायला हवी.

तर उत्तरेत कापूस महाग झालेला, आणि बायका घरात असेल ते आत घालायच्या, जुनं ब्लँकेट, विरलेलं पांघरूण. त्यामुळे तू जुन्या सुती चादरीचे दोन थर घातलेस तरी ते खोटं नाही. आपल्या आज्या हेच तर करत आल्या, धोतर-नऊवारीचे थर आणि वर धावदोरा. पिंजलेला कापूस हवाच असेल तर पातळ पसर आणि धावदोऱ्याच्या दोन ओळींत दोन इंचांपेक्षा जास्त अंतर ठेवू नकोस, नाहीतर दुसऱ्या धुण्यात त्याच्या गुठळ्या होतात आणि पावसाळ्यात तर ते वाळतही नाही, नुसता वास. मला विचारशील तर चादर.

प्रश्न : जुनी दिसावी म्हणून चहाच्या पाण्यात बुडवली तर? यूट्यूबवर एक बाई कॉफी पण टाकते. — भांडुप

नका करू. चहातलं टॅनिन कापडाला हळूहळू खातं, आज दिसतो तो छान पिवळेपणा पुढे डागडाग होतो. जुन्या गोधड्यांत बघा, सगळ्यात आधी विरतात ते गडद तपकिरी आणि काळे तुकडे, कारण त्या रंगांत लोखंड घातलेलं असायचं, शेजारचं पांढरं धड आणि तपकिरी मात्र भोकंभोकं. आणि दुसरं म्हणजे त्या शिपायाला मिळाली तेव्हा ती कोरी करकरीतच होती की. नवीन दिसू देत. उलट मागच्या कोपऱ्यात कापडाची चिठ्ठी शिवा, कोणी केली, कुठे केली, कुठलं साल, आणि नक्कल आहे असं सरळ लिहा. पन्नास वर्षांनी कोणीतरी ती जुन्या बाजारात खरी म्हणून विकायला नको.

प्रश्न : नमस्कार ताई, मुलुंडहून लिहितेय. आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाला गोधडीवर सगळ्यांची नावं घालायचीयत आणि जमलेले पैसे जवानांसाठी द्यायचेत. माझी आई सांगायची की १९६२ च्या लढाईत त्या सगळ्या जणी जवानांसाठी स्वेटर विणत बसायच्या, तसं काहीतरी आपल्या हातून व्हावं असं वाटतं. नावं भरतकामाने करायची की पेनाने? मध्ये मोठा रेड क्रॉस काढायचा विचार आहे, एका फोटोत तसं होतं. आणि नावाशिवाय अजून काय लिहायचं?

तुम्ही बघितलेला फोटो बहुतेक पहिल्या महायुद्धातला, ते वेगळं प्रकरण आहे. तेव्हा अमेरिकेत रेड क्रॉससाठी पैसे उभे करायला गावातले लोक थोडे पैसे देऊन आपलं नाव पांढऱ्या कापडावर लाल दोऱ्याने भरून घ्यायचे आणि पुढे ती गोधडी लिलावात जायची. तुमचं काम याच्याच जवळचं आहे, म्हणून नावं लाल दोऱ्याने, दोन पदरी, मागचा टाका घालून करा. ती पद्धत वापरा, चिन्ह मात्र घेऊ नका. रेड क्रॉसचं चिन्ह परवानगीशिवाय वापरायला आपल्याकडे १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स ॲक्टने बंदी आहे, आणि तुम्ही तर त्यावर पैसे गोळा करणार. मध्ये नऊ तुकड्यांचा चौकोनच ठेवा, काही बिघडत नाही. पैसे द्यायचे असतील तर ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वज दिन असतो, १९४९ पासून पाळतात, त्याच्या आसपास कार्यक्रम ठेवा म्हणजे सोसायटीतल्या लोकांना वेगळं समजावत बसायला नको.

यादवी युद्धाच्या धर्तीवर हवी असेल तर मात्र पेन. त्या बायका मधल्या फिक्या तुकड्यावर शाईने नाव, गाव आणि वर दोन ओळी लिहायच्या, बायबलातलं वचन, लवकर बरा हो, दारू-तंबाखूपासून लांब राहा (परक्या बाईचा उपदेश, आणि तोही खाटेवर पडल्या पडल्या, बिचारा). तेव्हाच्या काही शायांनी कापड खाल्लंय, आपण न पुसणारं पिग्मेंट इंकचं बारीक टोकाचं पेन घ्यायचं. कापड पेनाखाली सरकतं आणि अक्षर फाटतं, त्यावर उपाय म्हणजे हार्डवेअरवाल्याकडचा बारीक पॉलिश पेपर खाली ठेवायचा, खरखरीत बाजू वर, कापड पकडून ठेवतो. लिहून झालं की वाळू द्या, उलट बाजूने गरम इस्त्री फिरवा, आणि हे सगळं तुकडे जोडायच्या आधी. नंतर चुकलं तर अख्खा चौकोन उसवायला लागतो आणि मग ज्या काकूंचं नाव चुकलं त्या बोलत नाहीत.

काय लिहायचं याला मी कशाला सांगू, पण चांगीच्या बायकांचं एक सांगते. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, जपान्यांनी बायका-मुलांना चांगीच्या तुरुंगात एकीकडे आणि पुरुषांना दुसरीकडे डांबलं. बायकांच्यात एथेल मलव्हेनी म्हणून एक कॅनेडियन बाई होती, तिच्या डोक्यातून निघालं की प्रत्येकीने सहा इंचाचा चौकोन भरायचा. सहासष्ट-सहासष्ट चौकोनांच्या तीन गोधड्या झाल्या, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि एक जपानी जखमी सैनिकांसाठी. ही तिसरी करायचं सुचलं म्हणूनच जपान्यांनी बाकीच्या दोन जाऊ दिल्या असाव्यात असं मला वाटतं. प्रत्येकीने आपलं नाव आणि स्वतःबद्दल काहीतरी भरलं होतं, म्हणजे पलीकडे नवऱ्याच्या हातात गोधडी पडली की त्याला निदान कळेल, ही आहे, जिवंत आहे. दोन आज कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये आहेत, एक लंडनला ब्रिटिश रेड क्रॉसकडे. तुमच्या मंडळातल्या प्रत्येकीला हेच सांगा, सुविचार नको, 'जय जवान' तर सगळ्याच लिहितील, स्वतःचं असं एक काहीतरी लिही. आईंच्या स्वेटरचं तुम्ही लिहा.

प्रश्न : मॅडम, मी पुरुष आहे, लालबागला राहतो, आयुष्य गिरणीच्या खात्यात गेलं, आता रिकामा आहे. मिसेस तुमचा कॉलम वाचते. सैनिकांनी स्वतः शिवलेल्या गोधड्या असतात असं ऐकलं, खरं का? मला तसलं काही जमेल का, हातशिलाई येत नाही.

काका, खरं आहे आणि तुम्हाला बायकांपेक्षा लवकर जमेल, कारण कापड तुम्हाला कळतं. ब्रिटिश सैन्यात, क्रायमियन युद्धाच्या आगेमागे आणि नंतर हिंदुस्थानातल्या छावण्यांतही, शिपाई आणि पलटणीतले शिंपी गणवेशाच्या जाड लोकरी कापडाच्या गोधड्या करायचे, लाल, काळा, पांढरा, पिवळा, हजारो बारके तुकडे. हॉस्पिटलात पडून असलेल्यांनाही हे काम द्यायचे, हात गुंतलेला राहिला की दारू आणि जुगाराकडे मन जात नाही म्हणून. डोक्याला जखम झालेला एक शिपाई पलंगावर बसून असे तुकडे जोडतोय असं त्या काळचं एक तैलचित्र लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सकडे आहे. आपल्या मुंबईतही पहिल्या महायुद्धात लष्करी हॉस्पिटल होतं, कुठे माहितीय? काळा घोड्याच्या म्युझियमच्या बिल्डिंगमध्ये, इमारत १९१४ ला झाली पण म्युझियम म्हणून उघडली १९२२ ला, मधल्या काळात तिथे रुग्ण होते.

यात तुमच्या फायद्याचं हे की त्या कापडाला इतका घट्ट मिल्ड फिनिश असतो की कापल्यावर धागे निघत नाहीत. त्यामुळे शिलाईसाठी कड दुमडायची भानगडच नाही, दोन तुकडे कडेला कड लावून मागून बारीक टाके मारत जायचं. नवीन असं कापड महाग पडेल, जुने लोकरी कोट बघा, चोरबाजारात नाहीतर घरातल्याच ट्रंकेत. अस्तर, खांदे, कॉलर काढून टाका, उरलेलं गरम पाण्यात साबण घालून चोळून धुवा म्हणजे अजून घट्ट होतं, सावलीत वाळवा. मग कोपरा कापून नखाने खरवडा, धागा सुटला तर ते घेऊ नका. पुठ्ठ्याचा दोन इंची षटकोनाचा साचा करा, खडूने आखा, कात्रीला धार हवी. दोरा मेणावर ओढून घ्या, कॉटनचाच. टाके पहिले दहा-बारा तुकडे वेडेवाकडेच येतील, ते मधे न लावता कडेला लावा.

भरायचं काही नाही, धावदोरा नाही, मागे हवं तर सुती अस्तर. वापरायला मात्र मुंबईत त्याचा काही उपयोग नाही, डिसेंबरातसुद्धा घाम फुटेल, भिंतीवर लावा. आणि कसर लागते, तेव्हा कडुलिंबाचा पाला घालून सुती कापडात गुंडाळायचं आणि दर दोन महिन्यांनी उन्हात झटकायचं, मिसेसना सांगू नका, स्वतः करा.